बोगद्यात शिरताना डोळ्यांपुढे अंधार का येतो?

देवगडहून मुंबईला निघालात की नांदगाव तिठ्याला महामार्ग लागतो, आणि पुढे खेड ओलांडून पोलादपूरच्या आधी कशेडीचा बोगदा. २०२३ च्या गणपतीत त्याची एक बाजू हलक्या गाड्यांसाठी उघडली आणि घाटातली वळणं टळली. तेव्हापासून, विशेषतः आंब्याच्या दिवसांत, एक प्रश्न माझ्याकडे येतो: "डॉक्टर, बोगद्यात शिरताना घडीभर कायच दिसना नाय, नंबर वाढलो काय?"

बहुतेक वेळा नाही. हा चष्म्याच्या नंबराचा दोष नसतो. डोळ्याच्या पडद्याची ती रीतच आहे, आणि ती समजायला माणसाला बराच काळ लागला.

१८६५ साली हर्मान ऑबर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या अंधाराला सरावण्याला नाव दिलं. पुढच्याच वर्षी माक्स शुल्ट्झ यांनी घुबडासारख्या निशाचरांचे आणि दिवसा फिरणाऱ्या पक्ष्यांचे पडदे ताडून पाहिले. उजेडासाठी शंकू पेशी आणि अंधारासाठी दंड पेशी, असे दोन वेगळे संच असतात हे त्यातून पुढे आलं. १८७६ मध्ये फ्रान्झ बोल यांना बेडकाच्या पडद्यात एक लाल रंगद्रव्य दिसलं. उजेडात ते फिकं पडतं, अंधारात पुन्हा भरतं. हे भरणं सावकाश चालतं. दंड पेशी पूर्ण सरावायला अर्धा तास तरी हवा. बाहुली लगेच मोठी होते खरी, पण तेवढ्याने भागत नाही. त्या रंगद्रव्यासाठी अ जीवनसत्त्व लागतं, हे जॉर्ज वॉल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवलं. त्यांना १९६७ साली नोबेल मिळालं.

आता हिशेब करा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. डोळ्याला मिनिटं हवीत आणि गाडी देते सेकंद.

रेल्वेत ही अडचण फारशी जाणवली नाही. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत, पण तिथे गाडीला रूळ धरून ठेवतात. मोटारीला चालकच धरून ठेवतो. १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये नदीखालून हॉलंड बोगदा सुरू झाला, तेव्हा सगळ्यात मोठी धास्ती गाड्यांच्या विषारी धुराची होती. तो काढायला ८४ पंखे बसवले. वेग वाढला तसा उजेडाचा प्रश्न ऐरणीवर आला.

१९६४ साली डुको स्क्रॉयडर या डच संशोधकाने बोगद्यांतल्या उजेडावर प्रबंध लिहिला. मुख्य अडचण आत शिरल्यावरची नसून शिरण्याआधीची आहे. लख्ख उन्हातून पाहताना बोगद्याचं तोंड काळ्या भोकासारखं दिसतं. आत बंद पडलेला ट्रक असला तरी बाहेरून कळत नाही. म्हणून ब्रेक मारून गाडी थांबायला जेवढं अंतर लागतं, निदान तेवढ्या पहिल्या टप्प्यात उजेड भरपूर ठेवायचा, मग हळूहळू उतरवत न्यायचा, असं सूत्र रुळलं. गंमत अशी, की तोंडाशी सर्वांत जास्त दिवे भर दुपारी लागतात, रात्री कमी. दुपारी दिवे जळताना पाहून 'वीज फुकट चालली' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्या टप्प्यातले दिवे बंद दिसले तर जरूर तक्रार करा.

दिवे नीट असले, तरी सगळ्यांचे डोळे सारखे नसतात. विशीतल्या माणसाच्या तुलनेत साठीत पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांश उजेडच पोहोचतो, कारण बाहुली आकसते आणि भिंग पिवळं होतं. मोतीबिंदूत प्रकाश विखुरतो, म्हणून बाहेरचं ऊन आतल्या अंधारावर पांढरा पडदा टाकतं. मधुमेहात पडद्यावर लेसर झालं असेल तर अंधारात दिसणं आणखी मंदावू शकतं. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारं रातांधळेपण मोठ्या माणसांत आता क्वचितच दिसतं. हापूस, पपई, शेवग्याचा पाला खाणाऱ्याने त्याची चिंता करू नये, गोळ्या तर मनाने मुळीच घेऊ नयेत.

क्षणभराचा अंधार सगळ्यांनाच येतो. पण आत गेल्यावरही बराच वेळ चाचपडल्यासारखं होत असेल, समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसत असतील किंवा रात्री घरातही धडपडायला होत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडून पडदा आणि भिंग तपासून घ्या. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले तर त्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवायला द्या. एरवी बोगदा दिसू लागताच वेग उतरवा, पुढच्या गाडीशी अंतर वाढवा, डिपर लावा. आणि काळा गॉगल तोंडाशी पोहोचण्याआधीच काढा, आत शिरल्यावर नव्हे.