वेबला स्मरणशक्ती कशी मिळाली? कुकीच्या जन्माची कथा

#थ्रेड

ऑनलाइन अर्जाच्या तिसऱ्या पानावरून मागे जावे आणि आधी भरलेले सारे रकाने कोरे दिसावेत, हा अनुभव नसलेला वाचक विरळाच. या विस्मरणाचे मूळ वेबच्या घडणीतच आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेत १९९०च्या सुमारास एचटीटीपीची रचना केली, ती संशोधकांना एकमेकांचे दस्तऐवज सहज वाचता यावेत म्हणून. ब्राउझरने पान मागायचे, सर्व्हरने ते द्यायचे आणि जोडणी तोडायची. पुढची मागणी आली की सर्व्हरच्या लेखी तुम्ही पुन्हा नवखे! वाचनापुरती ही व्यवस्था उत्तमच होती. कोणाचीही आठवण ठेवायची नसल्याने सर्व्हरवरचा भार हलका राही.

१९९३ मध्ये मोझेइक ब्राउझरमध्ये फॉर्म भरता येऊ लागले आणि अडचण उघडी पडली. पहिल्या पानावर नाव, दुसऱ्यावर पत्ता, तिसऱ्यावर वस्तूंची निवड. पण तिसरे पान पाठवताना पहिले कोणाच्या लक्षात असणार?

यावर निघालेली पहिली तोड मला आजही चातुर्याची वाटते. सर्व्हर दुसरे पान तयार करतानाच पहिल्या पानावरची उत्तरे त्यात छुप्या रकान्यांत भरून पाठवी. ती वाचकाला दिसत नसत, परंतु दुसऱ्या पानासोबत परत येत. म्हणजे प्रवाशाने आपले सारे सामान प्रत्येक मुक्कामी स्वतःच वाहून न्यायचे. मात्र मध्येच एखाद्या साध्या दुव्यावर टिचकी मारली की सामान वाटेतच राही. शिवाय ‘छुपा’ रकाना खरोखर छुपा नव्हताच. पानाची प्रत संगणकावर उतरवून त्यातला मजकूर बदलता येई, आणि काही दुकानांनी तर वस्तूची किंमतच तिथे लिहून ठेवली होती! दुसरा मार्ग म्हणजे पत्त्यातच खुणेचा क्रमांक जोडणे. पण तो पत्ता मित्राला पाठवला, की मित्र तुमच्याच अर्जात शिरणार.

१९९४ मध्ये नेटस्केपकडे एमसीआय या दूरसंचार कंपनीचे काम आले. त्यांना ऑनलाइन दुकान थाटायचे होते; मात्र अर्धवट राहिलेल्या खरेदीच्या नोंदी आपल्या सर्व्हरवर साठवण्याची त्यांची तयारी नव्हती. मग त्या ठेवायच्या कुठे? नेटस्केपचे अभियंते लू मॉन्टुली यांचे उत्तर होते : ग्राहकाच्याच संगणकावर.

देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणारा बिल्ला आठवा. बिल्ल्यावरच्या आकड्याचा अर्थ आपल्याला ठाऊक असण्याची गरज नसते. परत दाखवला की पुरे. युनिक्सच्या जगात अशा खुणेला ‘मॅजिक कुकी’ म्हणत, तेच नाव इथे रुजले. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा ओळखक्रमांक द्यावा, हा पर्याय मॉन्टुली यांनी जाणीवपूर्वक टाळला. कारण त्यातून माणसाचा माग सर्वत्र काढता आला असता. कुकी ज्या संकेतस्थळाने दिली, त्यालाच ती परत मिळेल, असा नियम त्यांनी ठेवला.

ऑक्टोबर १९९४ मध्ये आलेल्या नेटस्केपच्या पहिल्या चाचणी आवृत्तीतच कुकी होती. गंमत अशी, की तिचा पहिला प्रत्यक्ष उपयोग खरेदीसाठी झालाच नाही. नेटस्केपच्या संकेतस्थळावर आलेला वाचक पूर्वी येऊन गेला आहे का, एवढेच तिने तपासले. वापरकर्त्यांना याची वार्ता नव्हती. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ने लेख छापला, तेव्हा कुठे गदारोळ उठला.

तोवर नियमातली फटही सापडली होती. अनेक संकेतस्थळांवरची जाहिरातचित्रे एकाच जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येत असतील, तर त्या कंपनीला सर्वत्र आपलीच कुकी परत मिळे. म्हणजे मॉन्टुली यांनी टाळलेला ओळखक्रमांक मागील दाराने आलाच. फेब्रुवारी १९९७ मध्ये मॉन्टुली आणि डेव्हिड क्रिस्टल यांच्या नावे पहिले अधिकृत मानक, आरएफसी २१०९, प्रसिद्ध झाले. अशा त्रयस्थ कुकी मुळातच बंद ठेवाव्यात, असा त्याचा आग्रह होता. नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या दोन्ही बलाढ्य ब्राउझरांनी तो मानला नाही. माझ्या मते या कथेतला निर्णायक क्षण १९९४चा नसून हाच होय.

फॉर्मचा प्रश्न मात्र दरम्यान शांतपणे सुटत गेला. कुकीत केवळ खुणेचा क्रमांक ठेवायचा आणि भरलेली माहिती सर्व्हरवर, ही पद्धत रूढ झाली. एमसीआयला जे ओझे नको होते, ते अखेर सर्व्हरांनीच उचलले.