प्रवाशाच्या खिशांतील कॅमेरा



माझी पुतणी पंधरवड्यापूर्वीं स्पितीच्या प्रवासास गेली. जाण्याआधीं आठ दिवस ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, प्रवासाला एक लहानसा कॅमेरा घ्यायचा आहे. फोन आहेच, पण त्यांतल्या चित्रांनीं माझें समाधान होत नाहीं, आणि मोठा कॅमेरा गळ्यांत घालून डोंगर चढणें माझ्यानें होणार नाहीं. कोणता घेऊं?" हा प्रश्न दुकानदारास विचारला असतां तो किंमत सांगतो, मास्तरास विचारला असतां तो इतिहास सांगतो. मीं तिला जें सांगितलें तेंच आज आपणांस सांगावयाचें योजिलें आहे. कारण प्रवाशानें कोणतें ओझें बरोबर घ्यावें आणि कोणतें घरीं ठेवावें हा प्रश्न छायाचित्रणाच्या कलेइतकाच जुना आहे. किंबहुना ही कला एका प्रवाशाच्या फजितींतूनच जन्मास आली आहे.

१८३३ च्या ऑक्टोबर महिन्यांत हेन्री फॉक्स टॅल्बट हे इंग्रज गृहस्थ आपल्या पत्नीसह इटलींतील कोमो सरोवराच्या कांठीं उतरले होते. देखावे रेखाटण्याची हौस मोठी, हात मात्र वळत नसे. त्यांनीं बरोबर एक उपकरण आणलें होतें. त्यांतील लोलकांतून पाहिलें म्हणजे समोरचें दृश्य कागदावर पडल्यासारखें दिसे, व तें पेन्सिलीनें गिरवावयाचें. लोलक दूर केला कीं कागदावर केविलवाण्या रेघोट्या! तेव्हां त्यांच्या मनांत आलें कीं, हें दृश्य आपलें आपणच कागदावर उमटून राहिलें तर काय बहार होईल! घरीं परतल्यावर त्यांनीं लहान लहान लाकडी पेट्या करवून घेतल्या, त्यांना भिंगें बसविलीं, आंत रसायन लावलेला कागद घातला, आणि त्या घराभोंवतीं जागोजाग ठेवून दिल्या. त्यांची पत्नी त्या पेट्यांना उंदरांचे सापळे म्हणत असे. १८३५ च्या ऑगस्टमध्यें त्यांच्या वाड्यांतील जाळीच्या खिडकीचें जें चित्र उमटलें, तें टपालाच्या तिकिटाहून फारसें मोठें नव्हतें. तें अद्याप जपून ठेवलेलें आहे. म्हणजे कॅमेरा जन्मला तो लहानच. त्याला हत्तीचें अंग मागाहून आलें.

तें कां आलें हें समजून घेतल्यावांचून लहान कॅमेऱ्याचें मर्म कळत नाहीं. त्या काळीं चित्र मोठें करून छापण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. मूळची उलटी प्रतिमा, जिला आपण निगेटिव्ह म्हणतों, ती कागदावर दाबून उन्हांत धरावयाची. कांच जेवढी, चित्र तेवढें. भिंतीवर टांगण्याजोगें चित्र हवें तर कांच हातभर, आणि हातभर कांचेला पेटाऱ्याएवढा कॅमेरा. त्यांत १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनीं शोधून काढलेली ओल्या कांचेची पद्धति रूढ झाली. चित्र अतिशय सुरेख येई. पण कांचेवरचा लेप ओला आहे तोंच चित्र घ्यावयाचें आणि तोंच तें धुवावयाचें. अर्थात् अंधारी राहुटी, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचीं भांडीं, कांचांच्या पेट्या, असा सारा संसार घेऊनच हिंडावें लागे.

सॅम्युअल बोर्न हा नॉटिंगहॅमचा बँकेंतील कारकून नोकरी सोडून १८६३ सालीं हिंदुस्थानांत आला. त्याच वर्षीं तो सिमल्याहून पहिल्या हिमालयप्रवासास निघाला, तेव्हां सुमारें तीस हमाल त्याचा हा संसार वाहत होते. पुढच्या प्रवासांत ते आणखी वाढले. १८६६ सालीं तो स्पितीच्या बाजूस गेला आणि अठरा हजार फुटांहून उंच अशा मणिरंग खिंडींत, रसायनें आणि बोटें दोन्ही थंडीपासून सांभाळीत, त्यानें ओल्या कांचेवर चित्रें घेतलीं. बोर्नचीं चित्रें आजहि पाहावीं. त्यांतील दगडांवरच्या भेगा आणि देवदारांचीं पानें पाहिल्यावर तें ओझें वायां गेलें असें कोणास म्हणतां येणार नाहीं. मात्र तें ओझें बोर्नच्या पाठीवर नव्हतें, हेंहि विसरूं नये. माझी पुतणी त्याच मुलखांत एक पिशवी स्वतःच्या पाठीवर घेऊन निघाली होती.

ह्यानंतरचा मोठा पुरुषहि बँकेंतला कारकूनच. अमेरिकेंत रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन यानें १८७७ सालीं सांतो दोमिंगोच्या प्रवासाचा बेत केला. बरोबर कॅमेरा असावा म्हणून त्यानें सगळें साहित्य विकत आणलें, आणि तें एका घोड्याच्या पाठीला पुरेसें भरलें. प्रवास राहून गेला. ओझ्याचा विचार मात्र त्याच्या डोक्यांतून जाईना. १८७१ सालीं डॉ. मॅडॉक्स यांनीं जिलेटिनच्या कोरड्या लेपाची वाट दाखविली होती. तिच्यावरून पुढें जात ईस्टमननें १८८८ सालीं आपला पहिला कोडॅक बाजारांत आणला. किंमत पंचवीस डॉलर; आंत शंभर चित्रांची गुंडाळी; प्रत्येक चित्र वाटोळें, अडीच इंच व्यासाचें. शंभर चित्रें संपलीं कीं दहा डॉलरांसह सगळा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवावयाचा. तेथून चित्रें छापून आणि नवी गुंडाळी भरून तो परत येई. रसायनांचा संसार असा प्रवाशाच्या पाठीवरून उतरून कारखान्यांत गेला.

पुढें १९१२ सालीं त्याच कंपनीनें बंडीच्या खिशांत मावणारा कॅमेरा काढला. मिटला म्हणजे तो इंचभर जाडीचा. पहिल्या महायुद्धांत असंख्य शिपायांनीं तो बरोबर नेला. परंतु त्याचें नांव आज घेतलें जातें तें एव्हरेस्टमुळें. १९२४ सालच्या मोहिमेंत हॉवर्ड सॉमरव्हेल यांनीं आपला असा एक कॅमेरा जॉर्ज मॅलरी यांस दिला. ८ जून रोजीं मॅलरी आणि अँड्र्यू आयर्व्हिन शिखराकडे चढत असतांना दिसले, आणि ढगांत नाहींसे झाले. १९९९ च्या मे महिन्यांत मॅलरींचा देह सांपडला. खिशांत पत्रें होतीं, चाकू होता, गॉगल होता, कॅमेरा नव्हता. २०२४ सालीं खालच्या हिमनदींत आयर्व्हिनच्या पायाचा अवशेष मिळाला, पण कॅमेरा तेथेंहि नव्हता. ते दोघे शिखरावर पोहोंचले होते कीं नाहीं, ह्या शंभर वर्षांच्या वादाचा निकाल कदाचित् त्या फिल्मवर गोठून पडला असेल. हातभर कांचेचा कॅमेरा त्या उंचीवर गेलाच नसता.

आतां आपण मुख्य पुरुषाकडे येऊं. जर्मनींत वेट्झलार गांवीं लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शक यंत्रांच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक नांवाचा कारागीर होता. त्याला रानावनांत हिंडून चित्रें घेण्याचा नाद, आणि जोडीला दमा. कांचांचा जड कॅमेरा घेऊन चढ चढतांना त्याचा श्वास कोंडे. त्यानें विचार उलटा फिरविला: निगेटिव्ह लहान असूं द्यावें आणि चित्र मागाहून मोठें करावें. सिनेमाची फिल्म हातीं होतीच. तिच्यावरील एक चित्र अठरा गुणिलें चोवीस मिलिमीटरचें. त्यानें तें दुप्पट करून चोवीस गुणिलें छत्तीसचें केलें, आणि १९१४ च्या सुमारास मुठींत मावणारा कॅमेरा घडविला. मध्यें महायुद्ध आलें. युद्धानंतर जर्मनींत कारखान्यांस काम मिळेना. तेव्हां १९२४ सालीं धन्यानें धोका पत्करून हा कॅमेरा काढावयाचें ठरविलें, आणि १९२५ च्या वसंतांत लाइप्झिगच्या जत्रेंत 'लायका' लोकांपुढें आला.

यांतील युक्ति नीट ध्यानांत घ्यावी. आमच्या मॅट्रिकच्या विज्ञानांत भिंगाचा एक धडा असे. निगेटिव्ह लहान झालें कीं तेंच दृश्य मावविण्यास कमी अंतराचें भिंग पुरतें, आणि सगळी पेटीच चपटी होते. परंतु लहान निगेटिव्ह मोठें करावयाचें म्हणजे त्यांतील दोषहि तितकेच मोठे व्हावयाचे. म्हणून लहान कॅमेऱ्याला मोठ्याहून चोख भिंग लागतें. लायकाचें यश मॅक्स बेरेक यांच्या भिंगावांचून झालें नसतें. आणि लहानपणालाहि मर्यादा आहे. १९३७-३८ मध्यें रीगा येथें वॉल्टर झॅप यांचा मिनॉक्स निघाला; त्याचें निगेटिव्ह आठ गुणिलें अकरा मिलिमीटर, लायकाच्या जेमतेम दशांश. तो हेरांना आवडला. हेराला कागदावरचीं अक्षरें हवीं असतात, डोंगरावरची संध्याकाळ नव्हे.

आतां थोडें स्वतःविषयीं. माझा पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. आमच्या पिढींतील पुष्कळांच्या घरीं तो असे. एका फिल्मवर बारा चित्रें, आणि करामतीला कांहींच जागा नाहीं. पुढें मला शहाणपण सुचलें. पगारांतून शिल्लक टाकून मीं एक जुना पण भारी कॅमेरा, दोन भिंगें व एक तिवई घेतली. १९८९ च्या डिसेंबरांत वडिलांना घेऊन रायगडास गेलों. वडील तेव्हां एकोणसत्तर वर्षांचे. रज्जुमार्ग अजून झाला नव्हता. त्यांना हात देऊं कीं पिशवी सांभाळूं अशा विचारांत पिशवी पाचाडास एका ओळखीच्या घरीं ठेवून दिली. गडावर जगदीश्वराच्या पायरीवर वडील टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि समाधीकडे पाहत बराच वेळ बसून राहिले. उन्हें कलतीं होतीं. माझे हात रिकामे होते, आणि क्लिक घरीं खुंटीला होता. पुढच्या पावसाळ्यांत ते गेले. त्यांचा जो फोटो आज भिंतीवर आहे तो निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठीं काढलेला आहे.

लहान कॅमेरे घडविणाऱ्यांना ही चुटपुट माहीत होती असें वाटतें. १९६६ सालीं हाइन्झ वास्के यांनीं रचलेला रोलाय ३५ आला. निगेटिव्ह लायकाचेंच, पण भिंग आंत ढकललें कीं तो कोटाच्या खिशांत जाई. जपानांत योशिहिसा मैतानी यांनीं १९७९ सालीं ऑलिंपस एक्सए काढला. सुमारें सव्वादोनशें ग्रॅम वजन, वर एक सरकती झांपण. कातड्याची वेगळी पिशवी नको, भिंगाचें टोपण हरवण्याची भीति नको. लोक कॅमेरा घरीं ठेवून जातात तो अशाच बारीकसारीक कटकटींमुळें, हें त्या गृहस्थानें ओळखलें होतें. माझ्या मतें ह्या साऱ्या इतिहासांत प्रवाशाचें मन इतकें कोणींच ओळखलें नाहीं.

फिल्म गेली आणि तिच्या जागीं प्रकाश टिपणारी सेन्सरची चकती आली, तरी हिशेब तोच राहिला. स्वस्त लहान कॅमेऱ्यांतील सेन्सर सुमारें सहा गुणिलें साडेचार मिलिमीटर, म्हणजे मिनॉक्सच्याहि तिसरा हिस्सा. फोनमधील सेन्सर पूर्वीं त्याहूनहि लहान असे. आतां तो वाढला आहे, आणि बाकीची उणीव फोन गणितानें भरून काढतो. ती तो इतकी भरून काढतो कीं, भिंग जडलेले डिजिटल कॅमेरे २०१० सालीं जगांत दहा कोटींहून अधिक रवाना झाले होते, ते २०२३ सालीं सतरा लाखांच्या आसपास आले. जे उरले त्यांत तथ्य असलेले थोडे. २०१२ सालीं सोनीनें आरएक्स१०० काढला. त्यांतील सेन्सर 'एक इंची' म्हणवितो. वस्तुतः तो तेरा गुणिलें पावणेनऊ मिलिमीटर आहे. हें नांव टेलिव्हिजनच्या जुन्या नळ्यांच्या मापावरून आलेलें, आणि दुकानदारांस सोयीचें म्हणून टिकलेलें. तरी स्वस्त कॅमेऱ्याच्या चौपट प्रकाश तो घेतो. २०१३ सालीं रिको जीआर आला. त्याचा सेन्सर याच्याहि तिप्पट मोठा, पण भिंग एकच आणि न हलणारें. दूरचें जवळ पाहिजे असेल तर पायांनीं जवळ जावें!

पुतणीला तीसपट दूरचें ओढून आणणाऱ्या एका कॅमेऱ्याचा मोह पडला होता. मीं तिला विचारलें, "एवढें लांबचें भिंग एवढ्याशा पेटींत बसलें कसें?" तिनें क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "सेन्सर बारीक केला असेल." मास्तरकीचें सार्थक झालें. शेवटीं तिनें एक इंचीच घेतला, आणि तो पिशवींत न ठेवतां जाकिटाच्या खिशांत मावतो कीं नाहीं हें दुकानांतच पाहून घेतलें. जातांना मीं तिला एवढेंच बजावलें कीं, रोलायच्या जुन्या कॅमेऱ्याचें शटर बॅटरीवांचून चाले, तुझा हा कॅमेरा तिच्यावांचून दगड आहे. स्पितीच्या थंडींत बॅटरी लवकर उतरते, तेव्हां दोन जादा घे आणि रात्रीं अंथरुणांत उबेला ठेव.

ती परवां परत येणार आहे. चित्रें अजून मीं पाहिलेलीं नाहींत.