नांदण्याचा दावा आणि मालमत्तेची जप्ती

बुडविलेले कर्ज न्यायासनास वसूल करून देता येते, बळकावलेली जमीन परत देवविता येते. परंतु घर सोडून गेलेला पती किंवा माहेरी राहिलेली पत्नी कशी देववावी? लोक ज्यास ‘नांदण्याचा दावा’ म्हणतात, त्यातील खरी अडचण हीच.

हा दावा आमच्या धर्मशास्त्रातला नव्हे. इंग्लंडातील धर्मपीठांच्या न्यायालयांत तो जन्मला व इंग्रजी अमलाबरोबर इकडे आला. १८८२ च्या दिवाणी संहितेने हुकूमनामा मोडणारास कैद, मालमत्तेची जप्ती किंवा दोन्ही सांगितली. १८८४ साली इंग्लंडने आपल्या घरची कैद काढून टाकली. येथील मात्र तशीच राहिली.

तिची आच रखमाबाईंना लागली. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या, पण सासरी कधीच न नांदलेल्या या मुंबईकर स्त्रीस १८८७ साली उच्च न्यायालयाने पतीकडे जावे अथवा सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम दिला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेस वैद्यक शिकून सुरतेस डॉक्टर झाल्या.

१९२३ च्या दुरुस्तीने कैद गेली, जप्ती उरली. १९०८ च्या संहितेप्रमाणे, संधी असूनही जो जाणूनबुजून नांदावयास जात नाही त्याची मालमत्ता जप्त होते. सहा महिन्यांत हुकूम न पाळल्यास ती विकून दावेदारास भरपाई देता येते. दावेदार पत्नी असेल, तर पतीने तिला ठराविक मुदतीने रक्कम द्यावी, असेही न्यायालय ठरवू शकते.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने नवव्या कलमात हा दावा कायम ठेवला. १९८३ साली हैदराबादेस आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध मानले. हुकूम न पाळल्यास होणारी शिक्षा केवळ जप्तीची आहे, ही गोष्ट त्या निकालात महत्त्वाची ठरली. इंग्लंडने तर हा दावा १९७० सालीच रद्द केला होता.

जप्तीचा हा न्याय आम्हांस सम वाटत नाही. जिच्या नावे काहीच नाही तिच्यावर तो पोकळ. जिने कष्टाने चार पैसे जोडले किंवा जिला पित्याचे घर लाभले, तिच्यावर तो जड. सप्तपदीची पावले दोघांनी आपण होऊन टाकावयाची असतात. बेलिफाने दारास मोहोर लावली म्हणून त्यांतील एकही पाऊल पडत नाही.