जटामांसीचे तेल

हिमालयात उत्तराखंडपासून नेपाळ, सिक्कीम, भूतानपर्यंत साधारण ३,००० ते ५,००० मीटर उंचीवर वाढणाऱ्या जटामांसीच्या मुळांपासून व मूलक्षोडापासून मिळणारे सुगंधी तेल. वनस्पतीचे शास्त्रीय नाव नार्डोस्टॅकिस जटामान्सी. रोपटे जेमतेम वीतभर ते दोन फूट उंच, फुले गुलाबी. जुन्या पानांचे तंतू मूलक्षोडाभोवती तांबूस-तपकिरी जटांसारखे साचतात. वास मातकट, उग्र आणि दीर्घकाळ टिकणारा असतो.

बायबलमधील ‘नार्द’ म्हणजे हीच वनस्पती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात प्राच्यविद्येचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी ही ओळख साधार मांडली. मराठी बायबलमध्येही जटामांसी हाच शब्द आहे. ‘गीतरत्न’ या पुस्तकात प्रेमिकेच्या सुगंधाच्या वर्णनात ती येते, तर तालमूद या ज्यू धर्मग्रंथात यरुशलेमच्या मंदिरातील धूपाच्या घटकांत तिची गणना आहे. सर्वांत प्रसिद्ध प्रसंग मात्र येशूच्या जीवनातील, बेथानी गावचा. योहानाच्या शुभवर्तमानानुसार लाजराची बहीण मरीया हिने हे तेल येशूच्या पायांना लावून आपल्या केसांनी पुसले आणि सारे घर सुगंधाने भरून गेले. मार्कच्या कथनात नाव नसलेली एक स्त्री अलाबास्त्राची कुपी फोडून ते येशूच्या मस्तकावर ओतते. या तेलाचे ३०० दीनार आले असते व ते गरिबांना देता आले असते, असा आक्षेप तेथे घेतला गेला. एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे एका कुपीत जवळपास वर्षभराची कमाई होती.

ही किंमत समजण्यासाठी मालाचा प्रवास पाहावा लागतो. हिमालयातून खाली आलेली मुळे उज्जैनमार्गे भडोचला किंवा गंगेच्या मुखाकडून दक्षिणेतील मुझिरिस बंदराला जात आणि तेथून मोसमी वाऱ्यांवर तांबड्या समुद्रात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रंथात या व्यापाराची नोंद आहे. दुसऱ्या शतकातील एका पपायरसमध्ये ‘हर्मापोलोन’ जहाजावरील मालात गंगेकडील नार्दच्या ६० पेट्या दाखवल्या आहेत. इतक्या महाग मालात भेसळ ठरलेलीच. खोट्या नार्दबद्दल रोमन लेखक प्लिनीने वाचकांना सावध केले आहे.

प्राचीन तेल आणि आजचे तेल एक नव्हे. त्या काळी मुळे व इतर सुगंधी द्रव्ये वनस्पतिज तेलात मुरवून लेप करीत. आज वाळलेल्या मुळांतून वाफेच्या ऊर्ध्वपातनाने तेल काढतात. त्याचा उपयोग अत्तरे, धूप आणि सुगंधोपचारात होतो. जटामान्सोन हा त्यातील एक प्रमुख घटक.

भारतात या वनस्पतीची परंपरा स्वतंत्र आणि अखंड आहे. आयुर्वेदात ती निद्रानाश, मनाची अस्वस्थता व अपस्मारावर, तसेच केश्य तेलांत वापरतात. युनानी वैद्यकात ती ‘सुंबुल-उत्-तीब’ या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात काष्ठौषधींच्या दुकानांत जटामांसी सहज मिळते आणि दिवाळीच्या उटण्यातही वाळा, नागरमोथा यांच्या जोडीने पडते. प्राण्यांवरील प्रयोगांत तिचा शामक परिणाम आढळला आहे. माणसांवरील पुरावा त्या मानाने तोकडा आहे, त्यामुळे अपस्मारासारख्या आजारात चालू औषधे बंद करून तिच्यावर विसंबणे धोक्याचे ठरते.

मुळासाठी संपूर्ण रोपटे उपटावे लागते आणि थंड उंचीवर नवी वाढ फार सावकाश होते. त्यामुळे मागणीचा भार थेट रानातील झाडांवर पडतो. १९९७ मध्ये ही वनस्पती वन्यजीवांच्या व्यापारावरील ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली, म्हणजे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले. निसर्गसंवर्धनासाठीच्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत तिची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे. नेपाळमधील जुम्ला, हुम्ला यांसारख्या जिल्ह्यांत मुळे गोळा करणे हे अनेक कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचे साधन आहे. म्हणून केवळ बंदीने प्रश्न सुटत नाही; बी पडल्यानंतरच काढणी, काही मुळे जमिनीत राखणे आणि एकाच जागी काही वर्षांच्या अंतराने खणणे हे उपाय तेथे सुचवले जातात. उत्तराखंड व हिमाचल प्रदेशात लागवडीचे प्रयत्नही सुरू आहेत.