कौलावरचं साल

बुडालेलं जहाज म्हटलं की आपल्याला यूट्यूबवरचे थंड समुद्रातले व्हिडिओ आठवतात: काळं पाणी, टॉर्चचा उजेड आणि त्यात उभं लाकडी जहाज. स्वीडनचं 'वासा' १६२८ मध्ये बुडालं आणि १९६१ मध्ये जवळजवळ अख्खं वर काढता आलं. बाल्टिक समुद्राचं पाणी थंड, शिवाय कमी खारं. लाकूड पोखरणारा टेरेडो हा जीव तिथे फारसा तग धरत नाही.

अरबी समुद्रात तो मजेत जगतो. म्हणूनच गोव्याजवळ सुंची रीफपाशी सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाच्या जागी हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि तोफा मिळाल्या. सेंट जॉर्ज रीफपाशी तर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना सापडली कौलं, फरशा आणि विटा. त्यांवर ठसा होता: 'बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५'.

म्हणजे जहाज १८६५ मध्ये बुडालं का? तसं नाही. जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूरला मिशनचा कौलांचा कारखाना काढला, ते हे साल. मिठाईच्या दुकानावर 'स्थापना' लिहितात, पण आतला पेढा त्या साली केलेला नसतो. माझं रोजचं काम कोडचं. तिथेही फाइलच्या माथ्यावरचं कॉपीराइटचं वर्ष एक आणि शेवटचा बदल भलत्याच वर्षीचा असतो. ठशावरून एवढंच कळतं की जहाज १८६५ च्या आधी बुडालेलं नाही.

आमच्या चोपड्याहून समुद्र लांब. तापी तेवढी सुरतेकडे जाऊन त्याला मिळते. तरी 'मंगलोरी कौल' म्हटलं की धाब्याच्या घरात वाढलेल्या म्हाताऱ्यांनाही ते कळतं. इतका साधा माल, पण त्या जहाजाबद्दल बोलायला आता तोच उरलाय.

म्हणून गोव्याला स्कूबा करायला गेलात आणि तळाशी जुनी वीट किंवा कौल दिसलं, तर आठवण म्हणून उचलू नका. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना १९७२ च्या कायद्याने पुरावशेष मानलंय, हे एक कारण. दुसरं त्याहून मोठं. कौलं थप्पीने पडलीत की विखरून, कशाखाली काय आहे, यावरून जहाज कसं बुडालं याचा अंदाज बांधता येतो. एक कौल हललं की त्या अंदाजातला एक दुवा गेला. लाकूड टेरेडोने कधीच संपवलं. राहिलेलं आपण संपवू नये.