गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर : विषाणू शरीराच्या राखणीला कसा चकवतो?

गर्भपिशवीच्या तोंडाचा (गर्भाशयमुखाचा) कॅन्सर जवळजवळ प्रत्येक वेळी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून पसरतो. दहापैकी सात रुग्णांत त्याचे १६ आणि १८ नंबरचे प्रकार सापडतात. हा संबंध दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं.

लागण झाली म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही. बहुतेक बायांच्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी वर्ष-दोन वर्षांत विषाणू साफ करतात. मुख्य काम टी पेशींचं. बाधित पेशी हुडकायच्या आणि मारायच्या.

मग काही जणींत हे का जमत नाही? हा विषाणू रक्तात उतरत नाही, वरच्या अस्तरातच राहतो. पेशी फोडत नाही, ताप आणत नाही. त्यामुळे राखणदाराला चाहूलच लागत नाही. त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिनं पेशीच्या वाढीवरचा लगाम तोडतात. पुढं गाठ झाली की तिच्यातल्या पेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढं करून टी पेशींना थांबवतात. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध ही अडवणूक मोडतं. मात्र गुण सगळ्यांनाच येत नाही. एचआयव्ही असलेल्या महिलांत टी पेशी कमी पडतात, म्हणून त्यांना धोका सुमारे सहापट.

लागण ते कॅन्सर या वाटेला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. तेवढा वेळ आपल्या हातात असतो. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचा अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

लस ९ ते १४ वयाच्या मुलींना सगळ्यात उपयोगी. ती विषाणू शिरायच्या आधीच प्रतिपिंडं तयार ठेवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही त्यातलीच. आधी झालेली लागण मात्र लस बरी करत नाही, म्हणून तिशी ओलांडलेल्या बाईला तपासणी लागतेच.

पाळी गेल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं, अंगावरून वास येणारं पाणी जाणं, यातलं काही असेल तर अंगावर काढू नका. सुगी संपायची वाट न बघता दवाखाना गाठा.