नववीचं अल्जेब्रा आणि दारावरचा वॉचमन

अमेरिकेत हायस्कूलच्या पहिल्या वर्षी, म्हणजे आपल्या नववीला, 'अल्जेब्रा वन' नावाचा कोर्स असतो. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती शेजारी शेजारी चालतात, तिकडे वर्षभर नुसतं बीजगणित. वर्षाअखेरीस मुलांना काय यायला हवं, याची यादी तशी छोटीच आहे. अक्षरं घातलेल्या राशी सोप्या करणं, एका चलाचं समीकरण, दोन चलांची एकसामयिक समीकरणं, सरळ रेषेचा आलेख आणि तिचा चढ, बहुपदींचे अवयव, आणि शेवटी वर्गसमीकरण. बास!

गेले दोन-तीन वीकएंड मी या यादीचा इतिहास वाचतोय. गंमत अशी की शंभर-सव्वाशे वर्षांत यादी फारशी हललेलीच नाही. भांडणं झाली ती ही यादी कुणाला शिकवायची यावरून. आपल्या भाषेत सांगायचं तर स्पेक तेच राहिलं, परमिशन्स मात्र सतत बदलत राहिल्या.

सुरुवात कॉलेजपासून होते. १८२० साली हार्वर्डने प्रवेशासाठी बीजगणित सक्तीचं केलं. तोवर कॉलेजात शिकवायचा विषय असा एक पायरी खाली, शाळेत येऊन पडला. १८२५ मधे वॉरन कोलबर्नने शाळकरी मुलांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात आधी सोपी शाब्दिक उदाहरणं आणि मग नियम. १८२७ मधे मॅसॅच्युसेट्सने कायदाच केला: ५०० कुटुंबांच्या वरच्या गावात हायस्कूल हवं आणि तिथे हिशेबलेखन, भूमिती, जमीन मोजणीबरोबर बीजगणितही शिकवायला हवं.

मग १८९२ साली दहा जणांची एक समिती बसली. अध्यक्ष हार्वर्डचे प्रमुख चार्ल्स एलियट, आणि गणिताचा गट खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांच्याकडे. त्यांनी सांगितलं की बीजगणित साधारण चौदाव्या वर्षी सुरू करा. पहिलं वर्ष आठवड्याला पाच तास, पुढची दोन वर्षं भूमितीच्या जोडीने अडीच-अडीच तास. अल्जेब्रा वनचा सांगाडा इथेच तयार झाला म्हणा ना. पण समितीचं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य वेगळंच आहे. त्याचा मतितार्थ असा, की शाळेत जो विषय शिकवाल तो घेणाऱ्या सगळ्यांना सारखाच शिकवा. पोरगं पुढे कॉलेजात जाणार की दुकानात बसणार हे बघू नका.

हे बोलणं सोपं होतं, कारण तेव्हा हायस्कूलला जायचेच मूठभर. १८९० मधे अख्ख्या देशातल्या सरकारी हायस्कूलांत दोन लाख मुलं होती. पुढे हा आकडा धडाधड वाढत गेला. कामगारांची, शेतकऱ्यांची, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांची मुलं शाळेत आली आणि लगेच प्रश्न निघाला: "यांना काय करायचंय बीजगणित?"

हा प्रश्न चांगले शिकलेले लोक विचारत होते बरं का! मॅसॅच्युसेट्सचे शिक्षण आयुक्त राहिलेले डेव्हिड स्नेडन यांच्या मते ९० टक्के मुलगे आणि ९९ टक्के मुलींसाठी हा विषय जवळजवळ निरुपयोगी होता. (मुलींसाठी नऊ टक्के जास्त, हे कसं मोजलं देव जाणे.) १९२० मधे कोलंबियातल्या टीचर्स कॉलेजच्या विल्यम किलपॅट्रिक यांच्या समितीनेही तोच सूर लावला, की गणित ज्याला लागेल त्यालाच द्या. गणितज्ञांनी १९२३ मधे जाडजूड अहवाल काढून उत्तर दिलं. यादीत खरी भर पडली ती या अहवालामुळे, कारण त्याने 'फंक्शन' ही कल्पना मध्यभागी ठेवायला सांगितली. पण शाळांनी ऐकलं स्नेडन-किलपॅट्रिक मंडळींचं.

आता आकडे बघा. १९१० च्या सुमारास हायस्कूलमधल्या ५७ टक्के मुलांकडे बीजगणित होतं. १९५५ मधे उरले २५ टक्के. मुलांची एकूण संख्या नऊ लाखांवरून साठ लाखांच्या वर गेल्यामुळे बीजगणित शिकणारे वाढलेच, पण नव्याने शाळेत आलेल्यांपैकी बहुतेकांना ते मिळालं नाही. त्यांच्यासाठी 'जनरल मॅथ' होतं: टक्केवारी, व्याज, घरखर्च. वाईट काहीच नाही त्यात. फक्त त्या रस्त्याने पुढे भूमिती नाही, कॅल्क्युलस नाही आणि म्हणून इंजिनिअरिंगही नाही. चौदाव्या वर्षी कुणीतरी दुसऱ्याने फॉर्मवर टिक केली आणि खेळ खलास. टिक कुणाच्या फॉर्मवर कुठे पडायची, हे गोऱ्या-काळ्या आणि गरीब-श्रीमंत वस्तीवरून बरंचसं आधीच सांगता यायचं.

१९५७ मधे स्पुटनिक उडालं आणि अमेरिका खडबडून जागी झाली. येलच्या एडवर्ड बेगल यांच्या गटाने संच आणि क्रमनिरपेक्षता घातलेलं 'न्यू मॅथ' आणलं. त्याचं पुढे काय झालं तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. दारावरचा वॉचमन मात्र तोच राहिला.

त्या वॉचमनला पहिल्यांदा नाव घेऊन हटकलं ते बॉब मोझेस यांनी. हा माणूस १९६० च्या दशकात मिसिसिपीत काळ्या लोकांची मतदार नोंदणी करत फिरला, मार खाल्ला, तुरुंगात गेला. तिथे नाव नोंदवायला गेलं की राज्यघटनेच्या एखाद्या कलमाचा अर्थ सांगायला लावायचे. आधी शाळा द्यायची नाही आणि मग अडाणी म्हणून मत नाकारायचं! १९८२ मधे मोझेस हार्वर्डजवळ केंब्रिजला राहत होते. आठवीतल्या मुलीच्या शाळेत बीजगणित नव्हतं, घरी शिकवायला घेतलं तर ती म्हणाली, दोन-दोनदा गणित करणार नाही. मग शिक्षिकेच्या आमंत्रणावरून ते वर्गातच जाऊन शिकवू लागले. यातून 'अल्जेब्रा प्रोजेक्ट' उभा राहिला.

मोझेसना दिसलं की मुलं अडतात एका बारीक जागी. अंकगणितात प्रश्न एकच असतो, 'किती?' बीजगणितात दुसरा येतो, 'कुठल्या दिशेला?' म्हणून ते मुलांना बोस्टनच्या रेड लाइन मेट्रोत बसवून न्यायचे. किती स्टेशनं गेलात आणि कुठल्या बाजूला? मग त्याचं चित्र काढा, आपल्या रोजच्या बोलीत सांगा, मग नेमक्या भाषेत, आणि चिन्हं अगदी शेवटी. ऋण संख्या अशी पायाखालून यायची. त्यांचं म्हणणं असं होतं की कॉम्प्युटरच्या युगात बीजगणित म्हणजे मताचा हक्कच आहे, ज्याला येत नाही तो बाहेर. मोझेस २०२१ मधे गेले.

मग दार सताड उघडलं की झालं? नाही ना! शिकागोने १९९७ मधे जनरल मॅथछापाचे वर्ग बंद करून नववीच्या सगळ्यांना बीजगणितात बसवलं. नापासांचं प्रमाण वाढलं, गुण वाढले नाहीत. २००३ पासून कच्च्या मुलांना बीजगणिताचे रोज दोन तास दिले. लगेच चमत्कार झाला नाही, पण नंतरच्या अभ्यासात दिसलं की ती मुलं जास्त संख्येने हायस्कूल पूर्ण करून कॉलेजपर्यंत पोचली. सॅन फ्रान्सिस्कोने उलटा प्रयोग केला. २०१४ मधे आठवीतलं बीजगणित काढून सगळ्यांना नववीतच द्यायचं ठरवलं. पैसेवाल्यांनी बाहेर क्लास लावले, बाकीचे थांबले. मार्च २०२४ मधे ८० टक्क्यांहून जास्त मतदारांनी 'आठवीत परत आणा' असा कौल दिला.

एवढं वाचल्यावर मला वाटतं की या कोर्सच्या उद्दिष्टांच्या यादीत पहिली ओळ नेहमीच गाळलेली असते: कोण बसणार, किती तास, आणि अडला तर कोण शिकवणार. वर्गसमीकरण तेव्हाही तेच होतं, आजही तेच आहे. कोलबर्नला कळलं होतं तेही जुनंच, आधी अनुभव आणि मग चिन्ह. आपण दिवसभर फंक्शन्स लिहून पगार घेतो. त्या पहिल्या फंक्शनपर्यंत आपल्याला कुणीतरी जाऊ दिलं होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

असो. सोमवारी बिल्ड आहे, आता झोपतो.